वाचनालयात मिळते काय

मारेगाव,
दि. ४ जानेवारी २०२५

चि. नयन यास,
अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं इकडे ठीक आहोत. तुझी तब्येत चांगली असेल, जेवण वेळेवर होत असेल, असं धरून चालतो. फोनवर तू आईशी तासभर बोलतोस आणि मी फोन घेतला की "बरं बाबा, ठेवतो" म्हणतोस. म्हणून हे पत्र.

यंदा तूर बरी आहे. थंडी चांगलीच पडली. आईचा गुडघा दुखतो, पण मी लिहिलं हे तिला सांगू नकोस.

तू कॉलेजात असताना एकदा मला विचारलं होतंस, "बाबा, तीस वर्षं होत आली, तुम्हाले त्या वाचनालयात मिळते काय?" तू पगाराबद्दल विचारत होतास, हे मला कळलं होतं. मी हसलो आणि चष्मा पुसत बसलो. आता निवृत्त होऊन अडीच वर्षं झाली, तरी रोज सकाळी दहाला मी तिथंच जातो. तेव्हा उत्तर द्यावं असं वाटलं.

नवीन पुस्तकांचं गाठोडं आलं की त्याची सुतळी मी कधी कापली नाही. गाठ सोडवायची, तेवढाच वेळ लांबतो. पहिलं पुस्तक मधोमध उघडायचं आणि कोणी बघत नाही ना हे पाहून नाकाजवळ न्यायचं. मग दाखल नोंदवहीत क्रमांक घालायचा, शिक्का मारायचा. एक शिक्का पहिल्या पानावर आणि एक गुप्त पानावर. प्रत्येक वाचनालयाचं असं एक पान ठरलेलं असतं, आपलं एकतीस. कोणी पहिलं पान फाडून पुस्तक स्वतःचं म्हणू लागला, तर एकतिसावं पान त्याच्यापुढे धरायचं. हे मी तुझ्या आईलाही कधी सांगितलं नाही.

परत आलेल्या पुस्तकांत काय काय सापडतं! एसटीची तिकिटं, टिकल्यांचं पाकीट, रक्तदाबाच्या गोळ्या, एकदा तर वाळलेली पुरणपोळीची कड. एका कादंबरीत कोणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं, "इथं कंटाळा येईल, पण सोडू नका." पुस्तकावर लिहिणाऱ्याचा मला राग यायचा. ते वाक्य मात्र खोडलं नाही. पुढं कंटाळा आलेले तीन वाचक त्या वाक्यामुळे शेवटपर्यंत गेले, असं त्यांनीच मला सांगितलं.

फाटलेलं पुस्तक दुरुस्त करायला बसलं की दुपार कशी जाते कळत नाही. मैद्याची खळ शिजवायची, त्यात चिमूटभर मोरचूद टाकायचं म्हणजे कसर लागत नाही. पाठीला कापडाची पट्टी लावून वर दगड ठेवायचा. दुसऱ्या दिवशी दगड उचलताना जे वाटतं, ते पगारात बसवता येत नाही रे.

हल्ली खळ मी शिजवतो आणि पट्ट्या दीपा लावते. उकंडाभाऊ मिस्त्रींची दीपा, माझ्या जागी आलेली. तिचा हात माझ्यापेक्षा सफाईदार आहे. पुस्तक कोणाला द्यायचं ही तिची नजरही माझ्याहून चांगली. बसस्टँडजवळ भाजी घेऊन बसणारी वच्छलाबाई तुला आठवत असेल. चौथी शिकलेली, एकटी बाई. दीपा तिच्याकडे मेथी घ्यायला गेली, तर ही पुडीचा कागद हात लांब करकरून वाचत होती.

दीपा म्हणाली, "मावशी, वाचनालयात कायले येत नाही?"

"मोठ्या अक्षराचं पुस्तक नाही म्हणे तुमच्याकडं."

"पुस्तक आहे मावशी, चष्मा नाही तुमच्याकडं."

आणि पुढच्याच आठवड्यात ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासणीचं शिबिर होतं, तिथं तिला स्वतः घेऊन गेली. तिचा नंबर लागेपर्यंत भाजीपाशी दीपाची आई मथुराबाई बसली. आज वच्छलाबाईच्या कार्डावर चौसष्ट पुस्तकांची नोंद आहे. गिऱ्हाइकाला कोथिंबिरीबरोबर पुस्तकाचं नाव सांगते. तीस वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. मी मोठ्या अक्षराचीच पुस्तकं शोधत राहिलो असतो.

अजून एक गोष्ट लिहायची होती. पण कागद संपत आला. स्वेटर वापरतोस ना?

तुझा,
बाबा


चाकण,
१५ जानेवारी

बाबांना नमस्कार.
पत्र मिळालं. दोनदा वाचलं. ज्या खुर्चीसाठी मी यवतमाळले जाऊन ग्रंथालयाची परीक्षा पास झालो, पंधरा दिवस चाचणी म्हणून तुमच्या समोर राबलो, त्या खुर्चीवर दीपा किती छान बसते हे तुम्ही मले लिहून राह्यले. काहून? मी वाचून खुश व्हावं म्हणून?

वाचनालयाच्या मंडळाच्या लोकांनी मले डावललं, त्याचा राग आता राह्यला नाही. राग याचा आहे की तुम्ही त्या बैठकीत गेलते आणि माझ्यासाठी एक शब्द टाकला नाही. घरी येऊन फक्त म्हणाले, "मंडळानं दीपाचं ठरवलं." आणि जेवायले बसले.

आणि कागद संपला म्हणता, तर पानाची मागची बाजू कोरी होती. काय आहे ते सरळ लिहा, नाहीतर लिहू नका.

आईच्या गुडघ्याचं तिनंच सांगितलं मले. दवाखान्यात न्या.

नयन


मारेगाव,
दि. २४ जानेवारी २०२५

चि. नयन,
आशीर्वाद. मागची बाजू कोरी होती, हे तू बरोबर पकडलंस.

त्या बैठकीत मी एक शब्द टाकला होता. तो तुझ्या विरुद्ध होता.

अध्यक्ष म्हणाले होते, "रामरावजी, तीस वर्षं तुम्ही वाचनालय चालवलं. दोघंही पास आहेत, दोघांचंही काम तुम्ही पाहिलं. तुमचाच मुलगा आहे, आम्ही कोणी आडवे येणार नाही. तुम्ही सांगाल ते नाव." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी म्हणालो, "दीपाला घ्या." एक जण तर खुर्चीतून पुढं झुकून म्हणाला, "आपल्या पोराले सोडून?" मी पुन्हा तेच नाव सांगितलं.

का, ते लिहितो. तुझ्या पंधरा दिवसांत तू सगळी यादी संगणकावर चढवलीस, कपाटाच्या बिजागऱ्या बसवल्यास. कामात खोट नव्हती. एका दुपारी वच्छलाबाई दारात आली आणि मोठ्या अक्षराचं पुस्तक मागू लागली. तू मान वर न करता म्हणालास, "तसं नाही मावशी आपल्याकडं. लहान पोरांचं कपाट तिकडं आहे, पाहा." तू वाईट बोलला नाहीस. ती दारातूनच परत गेली आणि पुन्हा आली नाही. मीही उठलो नाही, हेही खरं. त्यानंतर दीपाचे पंधरा दिवस सुरू झाले, आणि पुढचं मी मागच्या पत्रात लिहिलंच आहे. तेव्हा ती काही ग्रंथपाल नव्हती. नोकरी मिळेल की नाही हेही तिला माहीत नव्हतं.

त्या पंधरा दिवसांत तुझा चेहरा एकदाच खुलला, इन्व्हर्टर बिघडला तेव्हा. जमिनीवर फतकल मारून, तोंडात स्क्रू धरून तू तो खोलला होतास, आणि तीन तास मला एकदाही किती वाजले ते विचारलं नाहीस. दुरुस्तीवाल्या माणसानं टाकून द्या म्हणून सांगितलेला तो इन्व्हर्टर आजही चालतो. मी चोरून पाहत होतो. असा हात आपल्या घरात कोणाचा नाही. पण हे तुझ्या भल्यासाठी केलं असं म्हणून मी सुटणार नाही. मी ते वाचनालयासाठी केलं.

ते मत आजही मला चुकीचं वाटत नाही. चूक पुढं झाली. तू विचारलंस तेव्हा मी भ्यालो. मंडळाच्या नावावर ढकललं. मग आई मंडळाला बोलू लागली, गाव दीपाला बोलू लागलं, वशिला लावला म्हणून, आणि रामरावच्या घरावर अन्याय झाला म्हणून लोक मला चहा पाजू लागले. तो चहा मी अडीच वर्षं प्यालो, नयन.

मागच्या महिन्यात वाचनालयात पेपरच्या टेबलाशी गुलाबसिंग, आपले निवृत्त एसटी ड्रायव्हर, दीपाला तोंडावर म्हणाले, "रामरावजीच्या पोराची खुर्ची घेतली तू." ती रजिस्टरमधून वर बघून शांतपणे म्हणाली, "काका इथंच बसले आहेत. त्याह्यले विचारा." सगळे माझ्याकडं वळले. मी पेपर डोळ्यांपुढं धरला आणि वाचत असल्याचं सोंग केलं. त्याच आठवड्यात तुला पहिलं पत्र लिहायला घेतलं, आणि तिथंही माझा धीर सुटला.

तुझं पत्र आलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या टेबलाशी सहा-सात जण होते. मी उभा राहिलो. सगळं सांगितलं, अध्यक्षांचे शब्द, माझे शब्द. गुलाबसिंग टोपी हातात घेऊन दीपासमोर जाऊन म्हणाले, "बेटी, माफ कर." माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही.

शिक्का दीपाच्या हातातच राहिला होता. ती म्हणाली, "काका, मी रोज तुमच्यासाठी पेपर सगळ्यांच्या आधी काढून ठेवते. तुमच्या पोराची जागा माह्याकडं आली, तुमचं मन मोडलं असंल, असं मले वाटे." बस, एवढंच. मग ती आतल्या खोलीत गेली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. मी उठून निघालो, तर म्हणाली, "कुठं चालले? खळ शिजवायची आहे. आणि उद्यापासून पेपर आपला आपण काढायचा."

या पोरीबद्दल मी तुला एवढं का लिहिलं, हे आता कळलं असेल. आम्ही सगळ्यांनी तिला जे दिलं, ते घेऊन ती रोज दहाला दार उघडत होती. येईल त्याला नावानं हाक मारत होती.

आईला त्याच संध्याकाळी सांगितलं. तिसऱ्या दिवशी भाकर थापता थापता म्हणाली, "मी मथुराबाईशी बोलणं टाकलं होतं. बचत गटात तिच्या बाजूले बसत नव्हती. तुमच्यापायी." आणि पीठ झटकून, गुडघा धरून, तशीच त्यांच्या घरी गेली. अंधार पडल्यावर आली. काय बोलणं झालं ते मला सांगितलं नाही. येताना मथुराबाईनं दिलेलं लोणचं मात्र होतं.

आता तू राहिलास. तुला हे कागदावर सांगून मोकळं होणं मला पटत नाही. ९ फेब्रुवारीच्या ट्रॅव्हल्सनं निघतो, १० तारखेला सकाळी तिकडं पोचेन. तुला जे बोलायचं ते मला समोर बसवून बोल. मी मध्ये बोलणार नाही. भेटायचं नसेल तर तसं कळव, तरी मी येईन, आणि तुझ्या कारखान्याच्या फाटकापासून परत फिरेन.

तुझ्या विरुद्ध मत देणारा, आणि ते लपवल्याची लाज वाटणारा,
तुझा बाप,
रामराव


चाकण,
१ फेब्रुवारी

बाबा,
पत्र कामावर मिळालं. मशीनमागं उभं राहून वाचलं आणि त्या दिवशी अर्धी सुट्टी टाकली. राग आला. अजून आहे. मतापेक्षा त्या जेवायले बसण्याचा जास्त आहे. मी त्या रात्री जेवलो नव्हतो, तुम्ही दोन पोळ्या खाल्ल्या.

वच्छलाबाई मले आठवली. मी मान वर केली नव्हती, हे खरं आहे. तेही आता डोक्यातून जात नाही.

दीपाले मी वेगळं पत्र लिहून राह्यलो. जमलं तर तुमच्यासोबत पाठवीन, नाही जमलं तर उन्हाळ्यात येऊन बोलीन. तिले मी तेव्हा रस्त्यात एक शब्द बोललो होतो. तो तुम्हाले माहीत नाही आणि मी सांगणारही नाही.

तुम्ही पुण्यापर्यंत जाऊ नका. शिक्रापूरच्या चौकात उतरा, ड्रायव्हरले आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो थांबत नाही. सकाळी सहा वाजता थंडी राहते, कानाले बांधा. मी गाडी घेऊन पाच वाजल्यापासून तिथं आहे. फाटकापासून परत जायची भाषा करू नका.

बोलायचं खूप आहे. आधी चहा घेऊ, मग खोलीवर बसून मी भांडणार आहे. चार दिवसांची सुट्टी घेतली आहे त्यासाठी.

वाट पाहून राह्यलो,
नयन