भुऱ्याच्या कानातले गोचीड

ताई,

"कान उलटून बघत जा गं त्याचे, गोचीड तिथेच लपतात," असं बाबा गेल्या महिन्यात म्हणाले, तेव्हा मी हसण्यावारी नेलं. आज भुऱ्या भुंकेना की दुधाकडेही बघेना, म्हणून कान उलटला, तर आत टम्म फुगलेले गोचीड, आणि हिरड्या पांढऱ्याफटक. त्याला चादरीत गुंडाळून डॉक्टरांकडे नेतेय. फोनवर ते म्हणाले, गोचीडताप असेल, लगेच आणा.

बाळ शेजारच्या काकूंकडे आहे. बाळाच्या मानेच्या वळ्या, काखा, कानामागे, सगळं दोनदा बघितलंय. भुऱ्याची फडकी कढत पाण्यात घातलीत, त्यांना हात लावू नकोस.

आठवतंय, आपल्या लहानपणी बाबा अंगणात बसून कुत्र्याला गुडघ्यांत धरायचे, तू चिमटा द्यायचीस नि मी साबणाच्या पाण्याची वाटी धरायचे? "सापडला चोर!" असं ते ओरडले की आपण दोघी किंचाळत पळायचो, आणि पुढचा चोर बघायला लगेच परत यायचो. कुत्र्याचंसुद्धा शेपूट हलत असायचं. आता बाबांना नीट दिसत नाही, म्हणून तर मला सांगत होते.

मी निघतेय म्हटल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "परत घेऊन ये हं त्याला." सकाळपासून त्यांनी पाण्याचा घोटही घेतलेला नाही, मागच्या पायरीवर एकटेच बसलेत. तू घरी आलीस की कपडे नंतर बदल, आधी त्यांच्याकडे जाऊन बघ ना जरा.