तळातले तिघे

४ फेब्रुवारी

शंभरात बावन्न! या वयात! औषधांची ती वाकडीतिकडी नावं पाठ करून बावन्न! वर्गभर पेपर नाचवत सुटले आणि सर म्हणाले, "काकू, तुम्ही नापास."

काहीतरीच! आमच्या वेळी पस्तिसाला घरात आनंदीआनंद व्हायचा.

५ फेब्रुवारी

सूनबाईने समजावलं. ती औषधांच्या दुकानात कामाला आहे. या वर्गाचं प्रमाणपत्र मिळालं नाही, तर नोकरी जाईल. मी आपली तिला सोबत म्हणून नाव घातलेलं.

तर — इथे गुणांना किंमत नाही, नंबराला आहे. आम्ही वीस जण. शेवटचे तीन नापास, मग त्यांना नव्वद पडोत नाहीतर नऊ! बाकी सगळे साठाच्या वर, म्हणून मी विसावी. ती सतरावी, काठावर पास.

"म्हणजे सगळे हुशार निघाले तरी तिघं बुडणारच?"

"हो, आई."

अजब कारभार!

१९ फेब्रुवारी

दुसरी चाचणी. पेपर महाकठीण. सूनबाईला एकेचाळीस — आणि पास! परवा बावन्नला नापास, आज एकेचाळीसला पास! पेपर सगळ्यांनाच जड गेला, म्हणून सगळेच खाली आले, असं ती म्हणाली. हे मात्र पटलं.

मला एकोणतीस. नंबर विसावा. तो आता माझ्याच नावावर झालाय.

२० फेब्रुवारी

वर्गात सहज म्हटलं, पुरे झालं, सोडते मी. केवढा गलका! "काकू, नका ना जाऊ!" "तुमच्याशिवाय वर्गात मजा नाही!" एकाने तर खुर्ची पुसून दिली. घरी सूनबाईने डोक्याला तेल चोळून दिलं. "आई, सोडायचं नाही हं!" मला भरूनच आलं. इतकी माया!

२१ फेब्रुवारी

जेवताना मुलगा बोलून गेला, "तू सोडलंस तर उरलेल्या एकोणिसांतले शेवटचे तीन धरतील. मग ही बुडेल."

असं होय! माया माझ्यावर नाही, माझ्या विसाव्या नंबरावर! सूनबाईने ताटातून मान वर केली नाही. थांबा, दाखवतेच सगळ्यांना!

२२ फेब्रुवारी

पाठांतर. न्हाणीघरात, कडी लावून.

१ मार्च

पाठांतर. मुलगा बाहेरून ओरडला, "आई, बरी आहेस ना?"

१४ मार्च

शेवटच्या परीक्षेचा निकाल. प्रमाणपत्र यावरच. बारावी! सर म्हणाले, "काकू, कमाल केलीत!" मी हवेतच. मग यादी खालपर्यंत वाचली. मी वर चढले, तशी मधली माणसं एकेका नंबराने घसरली होती. सतरावी होती ती सूनबाई अठरावी झाली, म्हणजे नापास. गुण पहिल्यापेक्षा जास्त असूनही!

"अभिनंदन, आई," घरी आल्यावर ती म्हणाली, अगदी मनापासून. मग काकडी चिरायला बसली. काकडी चिरताना डोळ्यांत पाणी येतं का कुणाच्या? कसली मेली माझी जिद्द! फार वाईट वाटलं.

१६ मार्च

दुकानदाराने तिला पुढच्या परीक्षेपर्यंत मुदत दिली. मी परस्पर वर्गाच्या ऑफिसात गेले. पास झालेल्यांनाही पुन्हा बसता येतं, आधीचा निकाल मात्र रद्द होतो. चालेल म्हटलं. तिच्याबरोबर माझंही नाव घातलं.

तिथल्या बाई हसल्या. "बाराव्या आलात की, काकू! आता काय पहिला नंबर काढायचाय?"

"छे हो," म्हटलं, "विसावा!"