बावखलात राहिलेला सामना

सोम., १९ जाने.

आधी दुरुस्ती. गेल्या सोमवारच्या पानावर लिहिलंय की समोरच्यांचा दुसरा गोल पास्कलमामाच्या डोक्याला लागून आत गेला. चूक. पाठीला लागून गेला. मामाने आज स्वतःच सांगितलं, "डोकं असतं तर या टीमचा कप्तान झालो असतो का?" जुन्या ओळीवर एकच रेघ मारली आहे, खालचं वाचता येतं. दम्यामुळे चौथीपर्यंत पप्पांनी घरीच शिकवलं, तेव्हाची सवय. खोडावं, लपवू नये.

काल ०-३. आमची गास गावची संडे फुटबॉल टीम नेहमीप्रमाणे हरली, पण तीन कॅमेऱ्यांसमोर! 'एकदा तरी जिंकू'चं शूटिंग आता दर रविवारी. कार्यक्रमाचं म्हणणं एवढंच, की ही टीम चार वर्षांत एकदाही जिंकलेली नाही. सायलीताई (मुंबईची, शूटिंग सगळं तिच्या हातात) म्हणाली, "काय मस्त हरलात!" मामाने वाकून आभार मानले.

गुरु., २२ जाने.

मला कॅमेऱ्यासमोर बसवलं. टीमची वही मी ठेवते म्हणून.

सायलीताई : मर्सी, एकदाही नाही?
मी : एकदाही नाही.

दोनदा घेतलं, पहिल्यांदा आवाज कापला. घरी येऊन वही पुन्हा तपासली (आधी तपासायला हवी होती). हार, हार, अधूनमधून बरोबरी. ठीक.

रवि., १ फेब्रु.

कोवळं ऊन हवं म्हणून शूटिंगवाले सकाळी साडेसहालाच हजर. मैदानावर चिटपाखरू नाही, सगळे चर्चमध्ये, मिस्साला. फादरांचं प्रवचन आज लांबलं. आम्ही पोचलो तेव्हा ऊन चांगलंच तापलेलं, आणि मामीने दिलेली सुकेळी (वाळवलेली केळी) खात कॅमेरावाले मैदानालगतच्या बावखलाच्या, म्हणजे तळ्याच्या, काठावर आडवे.

१-२. म्हणजे एक गोल आमचा! हरलोय हे मामाला अर्ध्या तासाने आठवलं.

बुध., ४ फेब्रु.

प्रॅक्टिसनंतर गप्पा. हरेश आमचा गोली. मूळचा अर्नाळ्याचा, गेल्या वर्षीपर्यंत त्यांच्याच टीममध्ये. बायको गासची, लग्नानंतर इथेच राहिला, म्हणून सगळे त्याला घरजावई म्हणतात. आज जुनी गोष्ट सांगत होता, गेल्या मे महिन्यातली :

"माझी हळद होती. तोंडाला हळद तशीच, नि पळून आलतो अर्नाळ्याकडून तुमच्याशी खेळायला. मीच बॉल घातला बावखलात. काढायला उतरनार, तेवढ्यात माझी मावशी मैदानात! अंगाला हळद हाय नि पान्यात उतरतोस, मुडद्या? कान धरून नेला घरी. मग तुम्ही पन सगळे मागून आलातच की जेवायला!"

सगळे हसत होते. मीही. मग माझं हसू थांबलं.

आमच्या लीगचा नियम : ज्याने बावखलात मारला त्याच्या टीमने काढायचा. पंधरा मिनिटांत बॉल मैदानात आला नाही तर सामना समोरच्यांचा. वहीच्या पहिल्याच पानावर, पप्पांच्या अक्षरात. त्या दिवशी बॉल आलाच नाही. जलपर्णीत असेल अजून.

आणि मी काय लिहिलं? "०-०. बरोबरी. हळद." लिहून जेवायला गेले. कोलंबीचं कालवण होतं.

म्हणजे आम्ही जिंकलो होतो.

शुक्र., ६ फेब्रु.

पप्पांना दाखवलं. त्यांनी नियम वाचला, पान वाचलं, परत नियम वाचला. "जिंकलोय गं," म्हणाले, आणि खुर्चीत हसत सुटले.

मी : पप्पा, मी कॅमेऱ्यासमोर खोटं बोलले.

"चुकीचं बोललीस. गप्प बसलीस तर आजपासून खोटं."

हे हसत हसत म्हणाले. मी वही मिटली. सांगितलं तर कार्यक्रमच बंद झाला तर? सोपाऱ्यात नाक्यावर मामाचा केवढा फोटो लागलाय. 'कधीच न जिंकलेला कप्तान'. मामी बाजारात जाताना रिक्षा हळू करायला लावते.

परवाच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी, १५ ला, शेवटचं शूटिंग. सामन्याआधी सांगायचं.

रवि., १५ फेब्रु.

जिंकलो!!!

१-०. जूचंद्रविरुद्ध. गोल मामाचा. पायाने, समोरच्यांच्या गोलमध्ये (मी स्वतः पाहिलं, दोनदा खात्री केली). पुढे पाच मिनिटं काय चाललंय कुणालाच कळेना. फादर झगा सावरत धावले. लग्नाला निघालेला बँड टेम्पो थांबवून उतरला आणि दोन गाणी वाजवून गेला. हरेश मामाला खांद्यावर घेऊन पळाला, पडला, दोघे बावखलाकाठच्या चिखलात तसेच बसून हसत राहिले. सायलीताई रडत होती. "फर्स्ट विन, मर्सी! फर्स्ट विन!" म्हणत गळ्यात पडली.

सांगितलं नाही. सामन्याआधी ती माइक लावण्यात होती. नंतर तर... नाही, कारणं नकोत. सांगितलं नाही. नाचले मात्र, खूप.

सोम., १६ फेब्रु.

मामाला सांगितलं. वाडीत चाफ्याची फुलं पानांत बांधत होता.

"म्हणजे दोनदा जिंकलो?" आणि ओरडून मामीला, "ऐकलंस का? आपण गेल्या वर्षीच जिंकलोय! कुणी बोललंच नाही!"

मग आणखी दोन पुड्या बांधल्या.

"म्हणजे कालचा माझा गोल पहिल्या विजयाचा नाही."

"नाही, मामा."

"सायलीला सांगणार?"

"हो."

"नाक्यावरचा फोटो उतरवतील."

त्याने दोरा दातांनी तोडला. "सांग. पण हरेशला मीच सांगणार. त्याच्या हळदीला आम्ही त्याला हरवलं, आणि त्यानेच आम्हाला वाढलं!"

संध्याकाळी हरेश स्कूटर घेऊन दारात. "मर्सी, खरं हाय? मी हरलेलो? माझ्याच हळदीला? बायकोला नको सांगू बाय, जन्मभर ऐकवेल." मामीने ती गोष्ट दुपारीच तिच्या कानावर घातली होती. मी हे त्याला सांगितलं नाही. (हे लपवणं झालं का? विचार करायचा.)

मंगळ., १७ फेब्रु.

सायलीताईचा फोन. पहिला भाग माझ्याच वाक्याने सुरू होतोय, "एकदाही नाही." म्हणाली, तुझा चेहरा इतका प्रामाणिक आहे ना! मी तोंड उघडलं, तोवर ती दुसऱ्या कुणाशी बोलायला लागली. फोनवर नकोच. समोर बसून, वही उघडून.

ती चिडेल, किंवा सगळं थांबवेल. किंवा म्हणेल, राहू दे गं, कुणाला कळतंय? याचीच जास्त भीती वाटते.

माझा राहिलेला आवाज रेकॉर्ड करायला ती उद्या अकराला आमच्या घरी येतेय. उद्या बुधवार, १८ फेब्रुवारी, राखेचा बुधवार. सातची मिस्सा, कपाळाला पश्चात्तापाची राख. ती न पुसताच बसेन. माइक लावायच्या आधी सांगेन, चहा ठेवायच्याही आधी.