टाळ्यांचं वाक्य

४ फेब्रुवारी

चि. पंतोजी,
अनेक आशीर्वाद.

टायपिंगवरून उचलून तुला पंतप्रधान साहेबांची भाषणं लिहायला बसवल्यापासून बहिणीला चार ओळी लिहायला सवड नाही. लहानपणी आरशासमोर भाषणं ठोकायचास म्हणून आम्ही पंतोजी नाव ठेवलं, ते असं आमच्याच अंगाशी आलं!

तुझ्या दाजींची बोट बिघडून पलीकडच्या देशाच्या हद्दीत वाहत गेली आणि त्यांनी सगळ्यांना हेर म्हणून धरलं, त्याला वर्ष होत आलं. इंजिनं दुरुस्त करणारा माणूस हेर कसा असेल रे? काल बोटीच्या कंपनीच्या ऑफिसात गेले, तर कारकुनाने वाटाघाटी चालू आहेत एवढंच सांगितलं आणि तो पंख्याकडे बघत बसला. माझं डोकंच फिरलं. निरपराध माणसं डांबून ठेवणाऱ्या त्या पलीकडच्यांशी हात मिळवायचा म्हणजे नंतर साबणाने खसखसून धुवायला हवा, असं सांग तुझ्या साहेबांना. राग तुझ्यावर काढतेय, दुसऱ्या कुणावर काढू? दार वाजलं तरी उघडायची भीती वाटते.

जेवणाची हेळसांड करू नकोस. माया आहे, ती तूही ठेव.

तुझी ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी आनंदाची बातमी. परराष्ट्र खात्यातला माझा मित्र सांगतो, की दोन्हीकडचे अधिकारी तिसऱ्याच देशातल्या एका हॉटेलात बसलेत आणि बोटीवरच्या सगळ्यांना सोडायचा मसुदा तयार आहे. आता फक्त सह्या उरल्यात. कुणाकडे बोलू नकोस.

दुसरं म्हणजे, रविवारी साहेबांची मोठी सभा आहे. मी लिहिलेलं भाषण वाचून त्यांनी तोंड वाकडं केलं आणि यात टाळ्यांचं वाक्य कुठाय म्हणून विचारलं. मी तुझं साबणाचं वाक्य घातलं. साहेब इतके हसले, की बशीत चहा सांडला. घरबसल्या लेखिका झालीस, मानधन मात्र मागू नकोस! आणि घाबरू नकोस. सभेतलं बोलणं सभेत राहतं, वाटाघाटींची खोली वेगळी असते.

लोभ आहेच, तो वाढता राहो.

तुझा
पंतोजी

१७ फेब्रुवारी

चि. पंतोजी,
आशीर्वाद.

सभा शेजारणीकडे टीव्हीवर पाहिली. साहेबांनी वाक्य म्हटलं, वर हात धुतल्याची नक्कल केली आणि मैदान नुसतं उसळलं. खोटं कशाला बोलू, मीही टाळ्या वाजवल्या. वाक्य माझं आहे, असं शेजारणीला सांगूनसुद्धा टाकलं.

संध्याकाळच्या बातम्यांत पलीकडचे अधिकारी बॅगा उचलून हॉटेलातून निघताना दाखवले. त्यांचा मुख्य माणूस दोन्ही हात खिशात घालून आपल्या लोकांसमोरून निघून गेला. माझा माणूस त्यांच्या ताब्यात आणि मी इथून त्यांना चिडवून बसले! गल्लीतली पोरं हात चोळत तेच वाक्य ओरडत फिरतात, मी खिडकी लावून घेते. सह्या झाल्या का रे? बाकी काही नको, तेवढं कळव.

तुझी ताई

२५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सह्या झाल्या नाहीत. मित्र माझा फोन घेत नाही. एकदाच घेतला, तेव्हा म्हणाला, की वर्षभर एकेक शब्द घासून जमवलेलं एका टाळीत गेलं. काल त्यांच्या नेत्याने उत्तर दिलं. सभा त्यांच्याकडेही होतात, आणि तिथेही माझ्यासारखा कुणीतरी बसलेला असणारच. आता बोटीवरच्या माणसांवर हेरगिरीचा खटला चालवणार म्हणतात.

पुढच्या भाषणात मी बोलणी चालू ठेवायची एक ओळ घातली होती. साहेबांनी ती खोडली. दार लावून मला म्हणाले, की बोलणी त्यांनाही हवीत, पण आता मऊ बोललो तर हेच लोक जोडे मारतील. ताई, तेसुद्धा घाबरलेत. तू मनाला लावून घेऊ नकोस. तू रागात भावाला लिहिलंस, जगाला ऐकवलं मी.

रागावलीस तरी पत्र टाक.

तुझा
पंतोजी

६ मार्च

चि. पंतोजींस,
अनेक आशीर्वाद.

आमचा बोटीवरचा म्हातारा स्वयंपाकी फार आजारी म्हणून त्याला एकट्याला सोडतायत, त्याच्या हाती ही चिठ्ठी. तुझ्या ताईला दाखवू नकोस.

गेल्या महिन्यापर्यंत बरं चाललं होतं. इथला पाण्याचा पंप मी दुरुस्त करून दिला, तेव्हापासून पहारेकरी मला उस्ताद म्हणायचा. सुटणार म्हणून आमचे कपडेसुद्धा परत मिळाले होते. मग आपल्याकडचं कुठलंसं भाषण इथे दिवसभर वाजलं. कपडे काढून घेतले. साबण बंद केला; तुमच्या साहेबांनाच पुरू दे, म्हणाले. परवा कप्तानाला घेऊन गेले, त्यांना अजून परत आणलेलं नाही. बाहेर पावलं वाजली, की आम्ही एकमेकांची तोंडं बघतो. पहारेकरी आता माझ्याकडे बघतही नाही.

मी निघालो तेव्हा तू साहेबांच्या कचेरीत टायपिंग करत होतास. अजून तिथेच असशील, तर त्यांची भाषणं कोण लिहितो त्याला गाठ. भांडू नकोस, नुसतं विचार, की बाबा रे, तुझं कुणीच माणूस इथे अडकलेलं नाही का?

ताईला सांभाळ.

तुझे
दाजी