बाटलीवरची अक्षरं

टाकवे बुद्रुक, बुधवार
मार्गशीर्ष, सन १९३६

आता कुठं जीव भांड्यात पडलाय.

मुलींची शाळा लांब, म्हणून माझ्या लेकीला, कुसुमला, मीच घरी शिकवते. आठ वर्षांची झाली, तरी पुस्तक दिसलं की तोंड फिरवते. आज सकाळी चिडून म्हणाले, "तुझ्या डोक्यात काही शिरायचं नाही." असं का बोलले मी?

दुपारी बाळाला पाजत होते. गोठ्यातलं काम करणाऱ्या सगुणामावशी खोकत आल्या. मी बसल्या जागेवरूनच म्हणाले, "फळीवरच्या तपकिरी बाटलीतलं चमचाभर औषध घ्या." तपकिरी बाटल्या दोन होत्या. एक खोकल्याची, दुसरी यांच्या गुडघ्याला चोळायची. शेजारी शेजारी कुणी ठेवल्या? मीच.

मावशींनी चमचा भरला, तेवढ्यात तिथंच खेळत असलेली कुसुम बाटलीवरचा कागद अक्षराला अक्षर लावून वाचू लागली. "पो-टा-त घे-ऊ न-ये. मावशी, थांब."

मावशींनी चमचा खाली ठेवला. "पोरीनं वाचिवलं बगा, वैनी. मला कुटं वाचता येतंय?"

दोन्ही बाटल्या मी लगेच वेगळ्या ठेवल्या. मग कुसुमला जवळ घेऊन विचारलं, "येतं की तुला. मग माझ्यासमोर का वाचत नाहीस?"

"चुकलं की तू रागावतेस."

संध्याकाळी ती आपणहून पुस्तक घेऊन चुलीपाशी आली. एकाच शब्दाला तीनदा अडखळली. मी भाकरी थापत राहिले. चौथ्यांदा तिनं तो बरोबर वाचला आणि पुढं गेली.