बादलीतला कॅमेरा

रिना,

वांग्याची भाजी कढईत आहे. तुझे बूट उन्हात ठेवले आहेत. पाण्याने भरलेल्या बादलीत कॅमेरा आहे, घाबरू नकोस. मला खाणीवर जावं लागतंय.

कॅमेरा तुझाच आहे. तुझा मोबाइल नाल्यात गेला, म्हणून पाण्यात चालणारा घेतला. दुकानातला विक्की म्हणाला, "आता कॅमेरा कोण घेते, काका? मोबाइल घ्या ना."

मी म्हटलं, "पोरगी अहेरीकडे वनरक्षक आहे. तिथं टॉवरच नाई. मोबाइल काय करन?"

मग मजबूत आहे का पाहायला मी तो फरशीवर सोडला. विक्की ओरडला, "काका, पैसे तं द्या आधी!" कॅमेऱ्याला ओरखडाही नाही.

त्यात एक बटण आहे. ते दाबून कॅमेरा दगडावर ठेवायचा आणि पळत समोर जाऊन उभं राहायचं, फोटो आपोआप निघतो. मी ओट्यावर ठेवून करून पाहिलं. ते फोटो पुसू नकोस. सगळ्यांत मी एकटाच आहे, पण एकात हसलो आहे.

जंगलाचे फोटो तू काढशीलच. एखादा तुझाही काढ. तो दुसऱ्या कोणी काढलेला असला तर मला जास्त बरं वाटेल. फोटोंचं कार्ड इकडे राजुऱ्याला येणाऱ्या गाडीच्या कंडक्टरजवळ दे. येणाऱ्या गाडीला मी स्टँडवर नक्की येईन.

निघताना किल्ली शेजारी रुखमाबाईकडे ठेव.

बाबा

ता. क. खाणीचं खोटं लिहिलं, आज माझी सुट्टी आहे. तुला जाणाऱ्या गाडीत बसवून देणं जमलं नसतं.