जुनं बंद करायचं राहिलं

पेण, मंगळवार संध्याकाळ

माझा मुलगा दिलीप रोह्याच्या कंपनीतनं तोंड पाडून आला नि नातवंडांसमोर रडत बसला. सगळ्या कॉम्प्युटरांना नंबर वाटायचं काम यानं जुन्या मशीनकडनं नव्या मशीनला दिलं, पण जुनं बंद करायलाच विसरला. दोन्ही मशिनी वाटत बसल्या, एकच नंबर दोघादोघांना, नि कंपनी दुपारभर ठप्प. उद्या साहेब ठेवतो का काढतो, ठाऊक नाय.

सून म्हणाली, "आई, धीराचे दोन शब्द बोला ना."

बोलले. "बायको आली तेव्हा चूल तिच्या हातात देऊन मला बंद करायला बरा नाय विसरलास!"

रडायचा एकदम थांबला. चिडला म्हंजे उद्या साहेबापुढं ताठ उभा राहील, म्हणून बोलले का मी? नाय. किती वर्षं पोटात होतं, आज बरा सापडला.